मालदीव स्वस्तात: राहणं परवडतं, हलणं परवडत नाही

मी मालदीवला जाऊन आलो हे अमळनेरला आमच्या गल्लीत कळलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "लॉटरी लागली का?" आणि लगेच दुसरा, "किती लागले?" पहिल्याचं उत्तर एका शब्दात संपतं. दुसऱ्याचं देता देता माझी संध्याकाळ जाते, म्हणून एकदाच लिहून टाकतो. आम्ही चौघं गेलो होतो: मी, बायको, आणि रावेरकडचे माझे साडू व मेव्हणी. चौघांचाही हा पहिलाच परदेश. चुका भरपूर केल्या, तेव्हा सल्ला द्यायला मी पात्र आहे.

आधी देशाचा आकार डोक्यात बसवा. मालदीवची बेटं ११९२, त्यातल्या साधारण दोनशे बेटांवर स्थानिक वस्ती. सगळी जमीन एका ठिकाणी गोळा केली तर जेमतेम ३०० चौरस किलोमीटर. आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्यात असे चाळीसेक मालदीव मावतील. पण ही मूठभर जमीन उत्तर-दक्षिण आठशेवर किलोमीटर समुद्रात सांडलेली आहे, म्हणजे जळगावहून मुंबईला जाऊन परत येण्याइतक्या लांबीवर. तिथला तांदूळ बोटीने येतो, डिझेल बोटीने येतं, आजारी माणूस बोटीने जातो आणि पर्यटकही बोटीनेच. तुमचे पैसे कुठे जाणार आहेत हे एवढ्यावरून कळायला हवं होतं. आम्हाला कळलं नाही.

आधी बोट बघा, मग बेट, हॉटेल सगळ्यात शेवटी

फोटोत दिसतात ती पाण्यावरची लाकडी घरं रिसॉर्टची. एक रिसॉर्ट म्हणजे एक अख्खं बेट, आणि तिथे पोचायला बऱ्याचदा सीप्लेन. त्याचंच जाण्यायेण्याचं भाडं माणशी तीनशे-चारशे डॉलरच्या पुढे जातं. तो विषय सोडून द्या. २००९ पासून सरकारने लोकवस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊस काढायला परवानगी दिली, आणि आपल्यासारख्यांसाठी तेव्हापासूनच मालदीव उघडलं. माफुशी, गुली, गुरैधू, थुलुसधू ही राजधानी मालेच्या जवळची बेटं. उकुलहास, रसधू, धिगुरा जरा लांबची. माफुशीला दोघांची एसी खोली चाळीस-पन्नास डॉलरला मिळते. हिशोबाला डॉलर ९० रुपयांचा धरा.

आता आमच्या साडूंनी काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक लोक तेच करतात. हॉटेलांच्या ॲपवर 'सर्वात स्वस्त आधी' असं लावलं आणि एका दूरच्या बेटावर ३५ डॉलरची खोली शोधून काढली. माफुशीपेक्षा रात्रीला १५ डॉलर कमी, चार रात्रींचे ६० वाचले. साडू खूश. मग मी बोटीचं विचारलं. त्या बेटाची स्पीडबोट माणशी एका बाजूला ६० डॉलर, माफुशीची २५. दोघांचं जाऊन-येऊन २४० विरुद्ध १००. खोलीत वाचवले ६०, पाण्यात घातले १४०.

म्हणून क्रम असा ठेवा. बेटाचं नाव घेतलं की पहिला प्रश्न: इथे सरकारी फेरी येते का, कोणत्या वारी, किती वाजता? मालेहून माफुशीची फेरी दोनेक डॉलरात नेते. दीड तास लागतो. बोटीला तिकडे धोनी म्हणतात, आणि तीही शेवटपर्यंत शांतच असते. मात्र दिवसातून एक-दोनच खेपा, आणि शुक्रवारी सुट्टी. त्या देशात आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, हे कागदावर लिहून पाकिटात ठेवा. अलीकडे आरटीएल नावाची सरकारी वेगवान बोटसेवाही बऱ्याच बेटांना जोडते. ती खासगी स्पीडबोटीपेक्षा स्वस्त पडते, पण जागा आधी धरावी लागते.

आमचं विमान शुक्रवारी उतरलं. का? तर त्या दिवशीचं तिकीट माणशी अठराशे रुपयांनी स्वस्त होतं. फेरी नाही, त्यामुळे स्पीडबोट. म्हणजे अठराशे वाचवून दोन हजारांच्या वर घालवले. वर गेस्ट हाऊसने बुकिंगमध्ये 'ट्रान्सफर समाविष्ट' असं लिहिलेलं. तिथे पोचल्यावर कळलं की समाविष्ट आहे ते फक्त परतीचं, आणि तेही पाच रात्री राहिलात तर. आम्ही तीनच रात्री राहणार होतो. भांडायला भाषेची अडचण नव्हती, मालदीवमध्ये हिंदी पुष्कळांना समजतं. अडचण एवढीच की लिहिलेलं बारीक अक्षरात होतं आणि आम्ही ते वाचलं नव्हतं. तुम्ही मालकाला आधीच व्हॉट्सॲपवर विचारा: विमानतळावरून खोलीपर्यंत आणि खोलीपासून विमानतळापर्यंत, माणशी एकूण किती? उत्तराचा फोटो काढून ठेवा.

तारीख

डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, समुद्र शांत, दर चढे. मे ते नोव्हेंबर नैऋत्य मोसमी वारे, पाऊस, बोटी हलतात, दर उतरतात. आपल्याकडे मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात आणि भुसावळचा पारा पंचेचाळीसला, म्हणून लोक तेव्हाच निघतात. तिथे बारा महिने तीस-एकतीस डिग्रीच असते हे खरं, पण मेमध्ये सलग दोन दिवस पाऊस लागला की त्या बेटावर करायला काहीही नसतं. एक टोक ते दुसरं टोक चालायला वीस मिनिटं. मी डिसेंबरची सुरुवात निवडली, नाताळची भाववाढ लागायच्या आत. रमजान कधी आहे ते कॅलेंडरात पाहून घ्या. लोकवस्तीच्या बेटांवर दिवसा खाण्याची हॉटेलं बंद असतात, आणि लहान मुलं बरोबर असतील तर तो त्रास नको.

कागद

पासपोर्ट (साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये) किमान एक महिना तरी मुदत शिल्लक असलेला हवा. व्हिसा आधी काढावा लागत नाही, उतरल्यावर फुकट मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. 'इमुगा' नावाचा एक ऑनलाइन फॉर्म प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, जातानाही आणि येतानाही. हा फॉर्म पूर्ण मोफत आहे. इंटरनेटवर शोधलं की वर वर ज्या साइट येतात त्यातल्या काही पाच-सहा हजार रुपये मागतात, सरकारी असल्याचा आव आणून. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने भरले. तुम्ही भरू नका.

सामानात दारू चालत नाही, डुकराचं मांस चालत नाही, ई-सिगारेट चालत नाही. आणि हे आपल्या माणसांना सांगायला हवं: पूजेच्या मूर्तीही चालत नाहीत. निघताना आईने पिशवीत पितळी गणपती ठेवला होता, 'समुद्राचा प्रवास आहे' म्हणून. तो मुंबईला चुलतभावाच्या देव्हाऱ्यात पाच दिवस पाहुणा राहिला.

मुंबईपर्यंत

मुंबईहून मालेला थेट विमान आहे, तीन तासांच्या आत पोचतं. आम्हाला येण्याजाण्याचं माणशी २६ हजार पडलं, दोन महिने आधी काढून. परतीची बाजू नेहमी महाग दिसेल, त्याला कारण आहे. डिसेंबर २०२४ पासून मालदीव परदेशी प्रवाशाकडून देश सोडताना इकॉनॉमी वर्गाला ५० डॉलर निर्गमन कर आणि ५० डॉलर विमानतळ विकास शुल्क घेतं. हे तिकिटातच असतं, वेगळं मागत नाहीत. पण २६ हजारांतले नऊ हजार असे गेले हे कळल्यावर जरा लागतं.

जळगाव-भुसावळकडून रात्रीच्या गाड्या भरपूर आहेत, धुळेकरांना आग्रा रोडने बस. कसाऱ्याच्या घाटात गाडी रखडणं नवीन नाही, तेव्हा विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. नातेवाईक नसेल तर ओळख काढा. खान्देशातल्या माणसाची मुंबईत ओळख निघत नाही असं होत नाही.

पैसे आणि कर

रोख डॉलर न्या, बरेचसे एक, पाच आणि दहाचे. शंभरची नोट दिली की सुट्टे रुफिया, म्हणजे तिथलं चलन, हातात येतात आणि परत जाताना त्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतो. सरकारी दर एका डॉलरला १५.४२ रुफिया. भारतीय रुपया चालत नाही. युपीआयच्या भरवशावर जाऊ नका.

मेनूवर किंवा बुकिंगवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली की सावध व्हा. त्याचा अर्थ, वर १० टक्के सेवा शुल्क आणि त्या बेरजेवर १७ टक्के पर्यटन जीएसटी. हा कर जुलै २०२५ पासून १७ झाला, आधी १६ होता. १०० डॉलरचे जवळजवळ एकशे एकोणतीस होतात. शिवाय हरित कर: लहान गेस्ट हाऊसमध्ये माणशी दिवसाला ६ डॉलर. हा २०२५ च्या जानेवारीत ३ वरून ६ झाला, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून केलेला हिशोब चुकतो. आमच्या साडूंचा चुकला.

उतरल्यावर

घड्याळ अर्धा तास मागे करा. विमानतळ स्वतःच एक बेट आहे. दारातून बाहेर पडलं की समोर रिक्षा स्टँड असावा तशा बोटी उभ्या. मालेला जायला दहा मिनिटांची फेरी आहे, एखाद्या डॉलरची. २०१८ पासून पूलही आहे, त्यावरून बस जाते. माले शहर पायी फिरून होण्याइतकं लहान, पण माफुशीची सरकारी फेरी विमानतळाच्या फेरीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला लागते. सामान घेऊन चालू नका, टॅक्सी करा. तो एक खर्च डोळे मिटून करावा असा आहे.

सिमकार्ड विमानतळावर मिळतं, कंपन्या दोनच, धिरागू आणि ऊरिडू. चौघांत एक घेतलं तरी पुरतं. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा अडॅप्टर घरूनच न्या. माफुशीच्या दुकानात तो मला पाच डॉलरला घ्यावा लागला.

खाणं

इथे जरा थांबतो, कारण आमची मेव्हणी माळकरी.

मालदीवचं जेवण म्हणजे ट्यूना मासा, नारळ आणि बाहेरून आलेलं बाकी सगळं. सकाळी 'मस हुनी' असते: ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू एकत्र कालवलेलं, बरोबर 'रोशी', म्हणजे आपली पोळीच. मला फार आवडली. दुपारी 'गरुधिया', माशाचं पातळ सार, भाताबरोबर. शाकाहारी माणसाने एक शब्द पाठ करावा: 'मस' म्हणजे मासा. पदार्थाच्या नावात मस आलं की हात मागे. पण नावात नसेल तरी खात्री नाही. चहाच्या हॉटेलात काचेमागे 'बजिया' ठेवलेले होते. मेव्हणीला वाटलं भजी. समोशाच्या आकाराचं खमंग दिसत होतं, तोंडाशी नेलं, आणि वाढणाऱ्या बांगलादेशी पोराने हिंदीत विचारलं, "दीदी, मछली खाती हो ना?" त्या पोराला मी दुप्पट टीप दिली.

शाकाहाऱ्याचा खर्च मांसाहाऱ्यापेक्षा जास्त येतो हे कुणी सांगत नाही. मासा तिथला, भाजी विमानातून किंवा जहाजातून आलेली. स्थानिकांच्या हॉटेलात मस हुनी-रोशी तीन-चार डॉलरात होते, पण व्हेज फ्राइड राइस पर्यटकांच्या हॉटेलात आठ-दहा डॉलर. आम्ही घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाल मिरचीचा ठेचा, जाड शेव आणि भाजलेले बिबडे नेले होते. दशम्या तिसऱ्या दिवसापर्यंत पुरल्या. गेस्ट हाऊसच्या स्वयंपाक्याला विनंती केली तर तो वरण-भात करून देतो, फक्त सकाळीच सांगायचं. आपल्यासारखं फोडणीचं वरण अपेक्षू नका, पण ठेचा होताच.

कांद्याचं सांगायचं राहिलं. मस हुनीतला कांदा बघून साडूंनी स्वयंपाकघरात जाऊन गोणी पाहिली. भारतातली निघाली. १९८१ च्या करारानुसार भारत मालदीवला दरवर्षी ठरावीक जीवनावश्यक माल देतो. २०२४-२५ साठी कांद्याचा कोटा ३५,७४९ टन होता, शिवाय बटाटे, तांदूळ, कणीक, साखर, अंडी आणि बांधकामाची वाळूसुद्धा. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यात बंद झाली आणि आपल्या बाजार समित्यांत काय भाव निघाले ते आठवत असेलच. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण मालदीवला त्याआधी एप्रिलमध्येच सूट मिळाली होती. साडू त्यावर पंधरा मिनिटं बोलले. ते मी इथे लिहीत नाही.

पाणी. नळाचं पाणी समुद्राचं खारं पाणी यंत्राने गोडं केलेलं असतं, पण पर्यटक बाटलीच घेतात. पहिल्या दिवशी चौघांच्या पाण्याचं बिल बघून बायको म्हणाली, "आठे चारीमेर पानी शे, तरी पेवाले इकत?" तिचं बरोबर आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या पाणी कंपनीत आग लागली आणि राजधानीचे नळ कोरडे पडले, तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पिण्याचं पाणी पाठवलं होतं. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या शहराला टँकर, तोही आकाशातून! आठवड्यातून एकदा नळ येण्याची सवय असलेल्यांना हे लगेच कळतं. उपाय: दीड लिटरच्या बाटल्यांचा गठ्ठा दुकानातून घ्या, हॉटेलातून सुट्टी बाटली घेऊ नका.

दिवस कसे घालवायचे

समुद्रात मास्क लावून मासे बघणं, कासव, वाळूचा दांडा अशी अर्ध्या दिवसाची एकत्र सहल माणशी तीस-चाळीस डॉलरला पडते. पहिल्याच दुकानात पैसे देऊ नका. माफुशीच्या रस्त्यावर पाच दुकानं विचारली की पाच-सात डॉलर उतरतात, आणि चौघं एकत्र असलं की अजून. पोहता येत नसेल तर तसं सांगा, लाजू नका. तापी-बोरीच्या काठच्या आम्हा चौघांत धड पोहता येत होतं ते फक्त मेव्हणीला. बाकीचे तिघं जाकीट घालून दोरीला धरून तरंगलो आणि तरी सगळं दिसलं.

कपड्यांचं: गावात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिकिनीसाठी वेगळा किनारा आखलेला असतो. आपल्या बायकांना याचा त्रास नाहीच, उलट सोय आहे. सार्वजनिक किनाऱ्यावर तिथल्या बायका पूर्ण कपड्यांतच पाण्यात उतरतात, तुम्हीही पंजाबी ड्रेस घालून उतरलात तर कुणी वळून बघत नाही. दारू गावात मिळत नाही. साडूंनी चौकशी केली होती.

आता मीच माझा नियम मोडला ते सांगतो. थोड्डू नावाचं एक बेट आहे, शेतीचं. त्या देशात शेती म्हणजे नवलच, कारण जमीन म्हणजे पोवळ्याची पांढरी वाळू. पण थोड्डूची कलिंगडं देशभर जातात, रमजानमध्ये तर त्यांचीच वाट बघतात. साडूंची रावेरला केळी. ते म्हणाले, इतक्या लांब आलो आणि शेत बघितलं नाही तर घरी काय सांगू? मालेहून स्पीडबोट माणशी एका बाजूला चाळीस डॉलर. शेवटच्या दोन रात्री तिथे काढल्या. पपईच्या रांगा, मध्ये वाळूची वाट, दोन्हीकडे कलिंगडाचे वेल. साडू खाली बसले, मूठभर वाळू उचलली, बोटांतून सोडली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तिथल्या शेतकऱ्याशी खुणांनी आणि हिंदीने खतावर अर्धा तास चर्चा. महाग पडलं. पुन्हा गेलो तरी जाईन.

आमचे आकडे

दोघांचे, पाच रात्रींचे. खोल्या करांसह ३२२ डॉलर, हरित कर ६०, बोटी २१४ (त्यातले १६० एकट्या थोड्डूचे), जेवण २००, सहली १४०, सिम-पाणी-टीप वगैरे ६०. बेरीज ९९६, म्हणजे नव्वद हजार रुपये. विमानाचे ५२ हजार. रेल्वे आणि मुंबईतलं धरून दीड लाखाच्या आत. थोड्डू गाळून चार रात्री माफुशीतच राहिलात, शुक्रवार टाळलात, तर दोघांचं सव्वा लाखात नक्की बसतं. याहून स्वस्त करून दाखवणारे लोक आहेत, पण ते पाठीवर एक पिशवी घेऊन एकटे फिरतात आणि त्यांच्याबरोबर मेव्हणी नसते.

परतताना

परतीच्या दिवशी पहिली बोट पकडा, शेवटची नाही. वारा सुटला की स्पीडबोट रद्द होते आणि विमान कुणासाठी थांबत नाही. विमान सकाळचं असेल तर आदल्या रात्री विमानतळाला लागून असलेल्या हुलहुमालेला मुक्काम करा, तिथून बस आहे. इमुगाचा परतीचा फॉर्म बोटीत बसायच्या आधी भरा, समुद्रात रेंज जाते. किनाऱ्यावरची पोवळी, कासवाच्या पाठीची वस्तू काही घेऊ नका. सामान तपासतात आणि दंड होतो.

साडूंनी थोड्डूच्या पपईच्या बिया रुमालात बांधल्या होत्या, रावेरला लावून बघायला. परवानगीशिवाय बाहेरचं बियाणं भारतात आणता येत नाही, हे मी त्यांना माले विमानतळावर रांगेत उभं असताना सांगितलं. त्यांनी रुमाल कचऱ्याच्या डब्यावर झटकला, घडी घातली, पुन्हा उघडून बघितला, कोपऱ्यात चिकटलेली एक बी नखाने काढून टाकली, आणि मग माझ्याशी मुंबई येईपर्यंत बोलले नाहीत.